एका टनाचा भाव

1,042 रुपये. 'पीएम सूर्यघर' योजनेत हवेत जाण्यापासून रोखलेल्या एक टन कार्बन डायऑक्साइडचा हा भाव. सरकारने तो कुठे छापलेला नाही, पण सरकारनेच छापलेल्या दोन आकड्यांचा भागाकार केला की तो हाती येतो. 29 फेब्रुवारी 2024 रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने ही योजना मंजूर केली, तेव्हा खर्च सांगितला 75,021 कोटी रुपये. एक कोटी घरांवर मिळून 30 गिगावॅटचे पॅनल बसतील, त्यांतून 25 वर्षांत 1 लाख कोटी युनिट वीज निघेल आणि 72 कोटी टन कार्बन डायऑक्साइड टळेल, असा हिशोब सोबत जोडला होता. 75,021 भागिले 72.

हा भागाकार सहसा कोणी करत नाही. बातमीत योजना कोटींत मोजली जाते, भाषणात मेगावॅटमध्ये, आणि घरात 'बिल शून्य आलं का' एवढ्यावर. पण मंडईत गेल्यावर टोपली केवढी आहे हे पाहून आपण पैसे देत नाही, भाव किलोवर विचारतो. अपारंपरिक ऊर्जेच्या अनुदानालाही तसाच भाव विचारायला हवा: टनाला किती पडले? विचारून पाहिले, तर ज्या अनुदानांचा सर्वाधिक गाजावाजा होतो ती महाग निघतात, आणि स्वस्त अनुदानाकडे फारसे कुणाचे लक्ष नसते.

हिशोबासाठी एक सोपे माप करून घेऊ. महाराष्ट्रात छपरावरचा 1 किलोवॅटचा संच दिवसाला सरासरी चार युनिट देतो. पावसाळा, ढग, पॅनलवरची धूळ धरून वर्षाचे 1,400 युनिट म्हणू. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या हिशोबाप्रमाणे 2023-24 मध्ये देशातल्या ग्रिडच्या दर युनिटमागे सरासरी 0.727 किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडला. आधीच्या वर्षी हाच आकडा 0.716 होता. पॅनल वाढत असतानाही तो चढला, कारण विजेची मागणी त्याहून जोरात वाढली आणि ती भागवायला कोळसाच धावून आला. असो. 1,400 गुणिले 0.727 म्हणजे 1,018 किलो. थोडक्यात, छपरावरचा एक किलोवॅट वर्षाला एक टन वाचवतो आणि 25 वर्षांत 25 टन. किलोवॅटमागचे अनुदान 25 ने भागले की टनाचा भाव मिळतो. कागद-पेन्सिलही लागत नाही.

आता छपरापासून सुरुवात करू. सूर्यघरमध्ये पहिल्या दोन किलोवॅटना प्रत्येकी 30,000 रुपये, तिसऱ्याला 18,000 आणि पुढे काही नाही. म्हणजे कमाल 78,000. एक किलोवॅट बसवणाऱ्या घराच्या बाबतीत सरकारला टन पडतो 1,200 रुपयांना, तीन किलोवॅटवाल्याच्या बाबतीत 1,040 ला. आपला घरगुती हिशोब सरकारी भागाकाराच्या इतका जवळ आला, म्हणजे माप बरोबर लागले. दहा किलोवॅट बसवणाऱ्या बंगल्याच्या मालकालाही 78,000 च मिळतात, त्यामुळे तिथला टन फक्त 312 रुपयांचा. श्रीमंताचा टन स्वस्त आणि गरिबाचा महाग, हे ऐकायला बरे वाटत नाही. पण त्याचा अर्थ एवढाच की दहा किलोवॅटवाल्याने उरलेले पैसे स्वतःच्या खिशातून घातले. कदाचित त्याने 78,000 शिवायही पॅनल बसवले असते. तसे असेल तर त्याला दिलेल्या पैशांतून एकही नवा टन वाचला नाही, आणि 312 हा आकडाच खोटा ठरतो. अनुदानाच्या हिशोबातली ही सर्वांत निसरडी जागा आहे. पॅनल मोजता येतात, पण अनुदान नसते तर किती बसले असते हे मोजता येत नाही.

महाराष्ट्राने 2025 मध्ये नेमक्या उलट्या टोकाला हात घातला. राज्याच्या 'स्मार्ट' योजनेत दारिद्र्यरेषेखालच्या घराला केंद्राच्या 30,000 वर राज्याचे 17,500 मिळतात. पन्नास हजारांच्या एक किलोवॅट संचाला घरमालकाने घालायचे फक्त 2,500. टन पडतो 1,900 रुपयांना. भाव चढा आहे, पण हे घर स्वतःच्या बळावर कधीच पॅनल बसवणार नव्हते. म्हणजे वाचलेला टन खराखुरा वाचलेला आहे. मला हा 1,900 चा टन बंगल्याच्या 312 च्या टनापेक्षा खात्रीचा वाटतो.

पण पुणे, ठाणे, मुंबईतल्या बहुतेकांकडे स्वतःचे छप्परच नाही. आहे ती सोसायटीची सामायिक गच्ची. सूर्यघरमध्ये सोसायट्यांना लिफ्ट, पाण्याची मोटर, जिन्यातले दिवे, गाड्यांचे चार्जिंग अशा सामायिक वापरासाठी किलोवॅटला 18,000 रुपये मिळतात. भागिले 25, म्हणजे 720 रुपये टन. स्वतंत्र घरापेक्षा तिसऱ्या हिश्श्याने स्वस्त, आणि ज्याची वीज शेकडो माणसे वापरतात असे हे अनुदान. आमच्या सोसायटीत हा विषय दोन वार्षिक सभांत आला आणि दोन्ही वेळा गच्चीवरच अडला. वरच्या मजल्यावरच्यांना भीती स्लॅबला भोके पडून पाणी गळण्याची. तळमजल्यावरच्यांचा सवाल, आम्ही लिफ्ट वापरत नाही तर वर्गणी का द्यायची? आणि एका आजींनी सगळ्यांना गप्प करणारा प्रश्न विचारला, 'मग कुरडया कुठे वाळवायच्या?' कुणाकडेच उत्तर नव्हते. ठराव पुढच्या सभेवर गेला. मार्च 2025 मध्ये देशात सूर्यघरच्या संचांनी दहा लाखांचा टप्पा ओलांडला. त्यात गुजरात पहिला होता, महाराष्ट्र दुसरा. महाराष्ट्र मागे का, याची कारणे अनेक असतील. त्यांतले एक आमच्या इतिवृत्तात लिहिलेले आहे.

हे झाले शहराचे. महाराष्ट्रातला विजेचा खरा प्रश्न गावाबाहेर, विहिरीच्या कडेला उभा आहे.

माझा आतेभाऊ पारनेर तालुक्यात कांदा घेतो. शेतीची लाईट पाळीने येते, एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री. रात्रपाळीच्या आठवड्यात तो बॅटरी, काठी आणि गमबूट घेऊन दारे धरायला जातो. वाफा भरला की दार फोडायचे, पुढच्याला पाणी वळवायचे, मधेच डीओ, म्हणजे रोहित्राचा फ्यूज, उडाला तर डीपीपर्यंत अंधारात चालत जायचे. पायाखाली साप, उसात बिबट्या. बऱ्याच जणांनी स्टार्टरला 'ऑटो' बसवून घेतला आहे. लाईट आली की मोटर आपोआप चालू, माणूस घरी झोपलेला, आणि पाणी बांध फोडून शेजाऱ्याच्या शेतात. वीज आणि पाणी दोन्ही वाया जाते, पण रानात जीव जाण्यापेक्षा ते परवडते.

या रात्रपाळीवरचा उपाय म्हणून राज्याने 2017 मध्ये मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना आणली. तिचा पहिला प्रयोग पारनेर तालुक्यातच, राळेगणसिद्धीला झाला. 2023 मध्ये 'योजना 2.0' आली आणि पुढे तिचे लक्ष्य 16,000 मेगावॅटपर्यंत वाढवले गेले. कल्पना साधी आहे. शेतकऱ्याच्या पंपाला हात लावायचा नाही. गावाजवळच्या उपकेंद्राच्या शेजारी पडीक जमिनीवर दोन-चार मेगावॅटचा प्रकल्प उभा करायचा आणि त्या उपकेंद्रातून निघणाऱ्या शेतीच्या फीडरला, म्हणजे वाहिनीला, दिवसा त्यातून वीज द्यायची. शेतकऱ्याने अर्ज करायचा नाही, पैसे भरायचे नाहीत. एके दिवशी लाईट सकाळी येऊन संध्याकाळी जायला लागते, एवढाच बदल त्याला दिसतो. जमीनमालकाला वर्षाला हेक्टरी सव्वा लाख रुपये भाडे आणि त्यात दरवर्षी तीन टक्के वाढ. ग्रामपंचायतीला तीन वर्षे दर वर्षी पाच लाख.

याचा टन केवढ्याचा? 'कुसुम' योजनेतून केंद्र अशा प्रकल्पाला खर्चाच्या 30 टक्के, जास्तीत जास्त मेगावॅटला 1 कोटी 5 लाख रुपये देते. म्हणजे किलोवॅटला 10,500. जमिनीवर नीट कोन साधून बसवलेले पॅनल छपरावरच्यापेक्षा जास्त वीज देतात. क्षमतेच्या 19 टक्के वापर धरला तर किलोवॅटला वर्षाला 1,660 युनिट, म्हणजे 1.2 टन, आणि 25 वर्षांत 30 टन. 10,500 भागिले 30.

साडेतीनशे रुपये.

सूर्यघरच्या एक तृतीयांश. आणि त्यावर आतेभावाची रात्रीची झोप फुकट. संपूर्ण 16,000 मेगावॅट उभे राहिले तर केंद्राचे अनुदान होईल 16,800 कोटी रुपये, एकदाच. या प्रकल्पांची वीज साधारण तीन रुपये युनिटच्या आसपास करारबद्ध होते. हा दर उपकेंद्रावरचा आहे. तिथून बांधापर्यंतच्या तारा, गळती, माणसे यांचा खर्च वेगळा. 'आठ रुपयांची वीज तीन रुपयांत' असे जे भाषणात ऐकू येते त्यात ही गफलत असते. तरीही लांबच्या कोळसा केंद्रातून आणलेल्या विजेपेक्षा ती स्वस्त आहे, याबद्दल वाद नाही.

आता या 16,800 कोटींच्या शेजारी दुसरा आकडा ठेवू: 14,760 कोटी. जुलै 2024 मध्ये राज्य सरकारने मुख्यमंत्री बळीराजा मोफत वीज योजना जाहीर केली. साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या सुमारे 44 लाख शेतीपंपांचे बिल माफ. आधीची दरसवलत 6,985 कोटी आणि नवी माफी 7,775 कोटी, मिळून 14,760 कोटी रुपये. वर्षाला. सोळा हजार मेगावॅटचे एकदाचे अनुदान म्हणजे जेमतेम चौदा महिन्यांचे मोफत वीजबिल.

याच निर्णयासोबत आलेल्या माहितीत राज्यातल्या शेतीचा वार्षिक वीजवापर 39,246 दशलक्ष युनिट दिला होता. 0.727 ने गुणले तर ही वीज तयार करताना सुमारे 2 कोटी 85 लाख टन कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. 14,760 कोटींना त्याने भागा. टन रोखण्यासाठी आपण फीडरवर साडेतीनशे रुपये देतो, आणि टन बाहेर सोडणाऱ्या विजेवर जवळजवळ 5,200. मोफत वीज कार्बनसाठी दिलेली नाही, ती कांद्याच्या भावाने पिचलेल्या माणसासाठी दिली आहे, हे मला मान्य आहे. पण तिजोरी एकच आहे आणि हवाही एकच.

इथे एक कबुली द्यायला हवी. शेतीच्या वापराचा हा आकडा मुळात अंदाज आहे. पुष्कळ जुन्या जोडण्यांना मीटरच नाही आणि बिल अश्वशक्तीवर निघते. तारेवर आकडा टाकून घेतलेली वीज, रोहित्रातली गळती, यांतले बरेच काही शेतीच्या खात्यावर लिहिले जाते अशी शंका वीज क्षेत्रातले लोक वर्षानुवर्षे बोलून दाखवतात. आकड्यावरचा हा आकडा किती खरा, हे फीडर वेगळे होऊन मोजले गेल्यावरच कळेल. सौर फीडरचा हाही एक फायदा, ज्याचा जाहिरातीत उल्लेख नसतो.

सगळ्यात लोकप्रिय अनुदान मात्र तिसरेच आहे: शेतात उभा राहणारा स्वतंत्र सौरपंप. 'मागेल त्याला सौर कृषी पंप' योजनेत सर्वसाधारण शेतकरी 10 टक्के भरतो, अनुसूचित जाती-जमातीचा 5 टक्के, बाकी सगळे सरकार. अडीच एकरांपर्यंत तीन एचपी, पाच एकरांपर्यंत पाच, त्यापुढे साडेसात. योजना आली तेव्हा पाच एचपीसाठी शेतकऱ्याचा वाटा 32 हजारांच्या घरात होता, म्हणजे सरकारचा सुमारे 2 लाख 88 हजार. पॅनल 4.8 किलोवॅटचे. किलोवॅटला 60,000 रुपये! भागिले 25, म्हणजे 2,400 रुपये टन. तेही पंप वर्षभर चालला तर. पण पावसाळ्यात आणि पिके निघाल्यावर तो बंदच असतो. निम्मे दिवस चालला असे धरले तर 4,800. उरलेल्या दिवसांत पॅनल उन्हात नुसते तापत राहतात, त्यांची वीज कुणाच्याच कामाची नसते. गुजरातेत खेडा जिल्ह्यातल्या ढुंडी गावात सहा शेतकऱ्यांनी 2016 मध्ये सहकारी मंडळी काढून ही उरलेली वीज ग्रिडला विकून दाखवली. पण त्यासाठी पंपापर्यंत तार हवी, आणि आपल्याकडे स्वतंत्र पंप देताना तारेपासून सुटका हाच मुख्य हेतू आहे.

म्हणून पंपाचे अनुदान उधळपट्टी आहे का? मलाही आधी तसेच वाटले होते. मग 2018 चा एक आकडा समोर आला. त्या वर्षी राज्य सरकारने प्रलंबित असलेल्या सुमारे 2 लाख 25 हजार शेतीपंपांना उच्चदाब वाहिनीवरून जोडण्या द्यायचे ठरवले. मंजूर खर्च 5,048 कोटी. जोडणीमागे सव्वादोन लाख रुपये, आणि तेही फक्त खांब, तार आणि छोट्या रोहित्राचे. वीज त्यात धरलेलीच नाही. जिथे लाईन पोचलेली नाही तिथे हा सव्वादोन लाखांचा खर्च सौरपंपामुळे वाचतो. मग कार्बनच्या नावावर जादा पडले फक्त 63 हजार. टनाचा भाव उतरतो 525 रुपयांवर, पंप निम्मा काळ चालला तर हजार-अकराशेवर. म्हणजे तोच पंप, तेच अनुदान. डोंगरकपारीतल्या वाडीवर तो स्वस्त, आणि ज्याच्या बांधावरून आधीच तार गेली आहे त्याच्याकडे चौपट-पाचपट महाग. 'मागेल त्याला' या दोन शब्दांत हा फरक पुसला जातो. तार असलेल्याने फीडरची वाट पाहावी, तार नसलेल्याला पंप आधी मिळावा, एवढी साधी रांग लावता आली असती.

बसवलेल्या क्षमतेवर पैसे द्यायचे की निघालेल्या युनिटवर, हा बंद पंपाने उभा केलेला प्रश्न आपल्याकडे नवा नाही. साताऱ्याहून वर चाळकेवाडीच्या पठारावर जा. तिथल्या आणि पलीकडच्या वनकुसवड्याच्या पवनचक्क्यांची रांग सरकारच्या घसारा सवलतीवर उभी राहिली. बराच काळ पवनचक्कीच्या किमतीच्या 80 टक्के रक्कम पहिल्याच वर्षी नफ्यातून वजा दाखवता येत होती. पाती फिरोत वा न फिरोत, कर वाचत असे. केंद्राला हे उमगायला वेळ लागला. 2009 पासून युनिटमागे 50 पैशांचा वेगळा पर्याय आला आणि 2017 मध्ये घसारा 40 टक्क्यांवर उतरला. सौर पॅनलला आज आपण पुन्हा क्षमतेवरच पैसे देतो आहोत. पॅनल धुतले जातात का, इन्व्हर्टर सहाव्या वर्षी जळाला तर बदलला जातो का, याच्याशी 78,000 रुपयांचा संबंध नाही.

मोठ्या सौर प्रकल्पांना तर आता अनुदानाची गरजच उरलेली नाही. 2010 मध्ये राष्ट्रीय सौर अभियानाच्या पहिल्या लिलावात सरासरी दर होता युनिटला 12 रुपये 16 पैसे. 2017 मध्ये राजस्थानातल्या भडल्यात 2 रुपये 44 पैसे, आणि डिसेंबर 2020 मध्ये गुजरातच्या लिलावात 1 रुपया 99 पैसे. पॅनल स्वस्त होण्यामागे चीनचे कारखाने आहेत, आणि त्या कारखान्यांना सुरुवातीचे गिऱ्हाईक मिळवून देणारे जर्मन वीजग्राहक. 2000 सालच्या कायद्याने तिथे सौर विजेला युनिटला 50 युरो सेंट दिले जात आणि तो बोजा घराघरांच्या बिलावर पडत असे. आपल्या छपरावरचा स्वस्त पॅनल हा काही अंशी कुठल्या तरी जर्मन कुटुंबाने वीस वर्षांपूर्वी भरलेल्या बिलाचा प्रसाद आहे.

आपणही एकेकाळी कोळशाकडून पैसे घेत होतो. 2010 मध्ये कोळशावर टनाला 50 रुपये स्वच्छ ऊर्जा उपकर लागला, 2016 पर्यंत तो 400 झाला. एक टन देशी कोळसा जळला की साधारण दीड टन कार्बन डायऑक्साइड निघतो, म्हणजे कार्बनवर टनाला 265 रुपयांच्या आसपास कर. फीडरच्या साडेतीनशेशी ताडून पाहिला तर रास्त. पण 2010-11 ते 2017-18 या काळात जमलेल्या सुमारे 86 हजार कोटींपैकी स्वच्छ ऊर्जा निधीत गेले साडेएकोणतीस हजार आणि प्रकल्पांवर खर्च झाले जेमतेम सोळा हजार. 2017 मध्ये हा उपकर जीएसटीच्या भरपाईकडे वळवला गेला. 22 सप्टेंबर 2025 पासून तो बंद झाला आणि कोळशावरचा जीएसटी 5 वरून 18 टक्के झाला. त्याच दिवशी सौर उपकरणांवरचा जीएसटी 12 वरून 5 वर आला, ही त्यातली चांगली बाजू.

या सगळ्या भावांना एक पुस्ती जोडायला हवी. पंचवीस वर्षांचे टन आजच्या ग्रिडवर मोजले आहेत. ग्रिड जसजसे स्वच्छ होईल तसा प्रत्येक युनिटमागे वाचणारा कार्बन कमी होत जाईल. 25 वर्षांत तो निम्म्यावर आला तर सूर्यघरचा टन 1,042 वरून 1,400 च्या जवळ जाईल आणि फीडरचा पावणेपाचशेला टेकेल. क्रम मात्र बदलत नाही. उलट, आज लवकर बसलेला पॅनल दहा वर्षांनी बसणाऱ्यापेक्षा जास्त टन वाचवतो, म्हणजे उशिरालाही किंमत आहे.

फीडरची गाडी अडते ती पैशांवर कमी आणि जमिनीवर जास्त. गायरानावर कुंपण पडले की गुरे कुठे न्यायची, हा प्रश्न ग्रामसभेत उठतो, आणि तो आमच्या आजींच्या कुरडयांइतका गमतीचा नाही. तिथे पाच लाखांच्या वार्षिक निधीतून चाऱ्याची सोय आधी आणि खांब नंतर, असा क्रम लावलेला बरा. तुमच्या गावी प्रस्ताव आला असेल तर ग्रामसभेला जा आणि तीन वर्षांच्या या पंधरा लाखांचा हिशोब मागा. शहरात असाल तर सोसायटीच्या पुढच्या सभेत 18,000 रुपयांचा विषय पुन्हा काढा. कुरडयांपुरता गच्चीचा एक कोपरा सोडता येतो.

सूर्यघर योजनेची मुदत 2026-27 अखेर संपते. मोफत विजेची मार्च 2029 ला.